कोल्ह्यासाठी फास, अडकतो कोण?

धान पोटरीत आले की चंद्रपूर-गडचिरोलीकडील जंगलालगतच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर तारेचे फासे दिसू लागतात. विचारले तर उत्तर मिळते, "डुकरासाठी लावला जी, साहेब." तोच फास गोठ्यामागच्या कुंपणात असला, तर तो कोल्ह्यासाठी असतो. शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, तुमची अडचण खोटी नाही. रात्ररात्र मचाणावर जागल करणारा माणूस हौसेने तार विकत आणत नाही. पण फास ज्याच्यासाठी लावावा त्यालाच तो धरतो, हा समज मात्र खरा नाही.

आधी चोर कोण ते नीट पाहू. आपण "कोल्हा" म्हणतो त्यात दोन वेगळे प्राणी येतात. खरा कोल्हा गावठी कुत्र्यापेक्षा थोडा लहान, ८ ते ११ किलो वजनाचा. तिन्हीसांजेला कोल्हेकुई करतो तो हाच. दुसरे खोकड, ज्याला आपल्याकडे बरेच लोक लोमडी म्हणतात. ते जेमतेम २ ते ३ किलोंचे असते. पाय बारीक, शेपूट झुबकेदार आणि शेपटीचे टोक काळे, ही त्याची खूण. खोकड दाट जंगलात राहत नाही. उघडा माळ, पडीक आणि झुडपी जमीन अशा ठिकाणी अनेक तोंडांचे बीळ करून ते राहते. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला पिले होतात आणि नर-मादी दोघे मिळून ती वाढवतात. एवढेसे जनावर मोठी शेळी धरणार कसे? तरी गावात शेळी गेली की पुष्कळदा बीळ खोकडाचेच बुजवले जाते.

खोकडाचे पोट उंदीर, वाळवी, नाकतोडे, सरडे, खेकडे आणि बोरे-जांभळे यांवर भरते. कोल्हाही उंदीर, मेलेली जनावरे आणि फळे खाऊन राहतो. शेजारच्या मध्य प्रदेशात कान्हाच्या जंगलात कोल्ह्याच्या आहाराची तपासणी झाली, तेव्हा त्यात ८० टक्के वाटा उंदीर, सरपटणारे प्राणी आणि फळे यांचाच निघाला.

आता आपल्या बांधीत काय चालते ते पाहा. उंदीर आणि घुशी पोटरीतल्या धानाचे फुटवे बुडापासून कापतात, आणि दाणा भरला की लोंब्या ओढून बिळात साठवतात. कापणी झाल्यावर धुऱ्यातले एखादे बीळ खणून पाहा, म्हणजे पटेल. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते. म्हणजे धुऱ्यावरून रात्री फिरणारा कोल्हा हा बिनपगारी राखणदारच म्हणायचा. त्याला मारून मग कृषी केंद्रातून उंदराचे औषध आणायचे, हा व्यवहार मला तरी कधी समजला नाही.

कोल्हा अगदी निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. उघड्यावरची कोंबडी तो उचलतो, शेळीचे पिल्लू धरतो, वैनगंगेच्या रेतीतले टरबूज फोडतो आणि परसातला मकाही पाडतो. ज्याची कोंबडी गेली त्याला उंदरांचा हिशेब सांगून समाधान होत नसते. त्याला उपाय हवा असतो. तो पुढे सांगतो.

फास म्हणजे बहुधा मोटारसायकलीची जुनी क्लचवायर. जनावर जितके ओढेल तितकी ती आवळते आणि पुन्हा सैल होत नाही. तिला मान, कंबर, पाय सारखेच. त्यात चितळ अडकते, ससा अडकतो, तुमचे स्वतःचे कुत्रे आणि वासरूही अडकते. अडकलेल्या जनावराच्या ओरडण्याने आणि वासाने बिबट किंवा वाघ तेथे येऊ शकतो, आणि पहाटे फास पाहायला जाणारा माणूस बहुधा एकटा असतो. त्याहून वाईट म्हणजे, पायात तार रुतलेला वाघ जिवंत सुटून जातो. त्याला धावून हरीण धरता येत नाही. मग सोपे सावज शोधत तो गावाकडे, गोठ्याकडे येण्याचा धोका वाढतो. मोहफुले वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला वाकून काम करणाऱ्या आपल्याच आयाबहिणी त्याच रानात असतात.

एप्रिल २०१२ मध्ये ताडोबालगतच्या पळसगाव वनपरिक्षेत्रात दोन वाघ दातेरी लोखंडी सापळ्यांत अडकले. त्यातला एक मेला. ते काम शिकारी टोळीचे होते, शेतकऱ्याचे नव्हे. पण धुऱ्याधुऱ्यावर फासे असले की वाघासाठी लावलेला सापळा त्यांत सहज लपून जातो, हेही ध्यानात घ्या.

विजेची तार तर फासाहून घातक. ताडोबा-उमरेडकडे नावाजलेल्या "जय" वाघाचा बछडा श्रीनिवास, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला, एप्रिल २०१७ मध्ये नागभीड भागात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने मेला. त्याचे शव पुरलेले सापडले. आणि माणसे? आकडा टाकून सोडलेल्या तारेने पहाटे पाणी पाहायला निघालेला शेजारी किंवा कापणीला आलेला मजूर मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. अशा वेळी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो आणि घरातले दोन कर्ते एकदम जातात, एक मातीत आणि एक तुरुंगात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात "शिकार" या शब्दात फास लावणे, सापळा लावणे, विष घालणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. जनावर अडकले नाही तरी गुन्हा होतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर कोल्हा आणि खोकड दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. शिक्षा ३ ते ७ वर्षे कैद आणि कमीत कमी २५,००० रुपये दंड.

काही जण कोल्ह्याच्या शिंगापायी त्याच्या मागे लागतात. कोल्ह्याला शिंग नसते. बाजारात लाल कुंकवात ठेवून विकतात ते कातड्याचा तुकडा आणि चिकटवलेले केस. ते घरात ठेवून पैसा आला असता, तर विकणारा दारोदार कशाला फिरला असता?

अडकलेल्या कोल्ह्याला हात लावू नका. दिवसाढवळ्या माणसांवर धावून येणारा कोल्हा पिसाळलेला असू शकतो. चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा. हळद-मिरची भरू नका, मंत्राच्या नादी लागू नका. ठरलेले सर्व डोस पूर्ण करा.

आता उपाय. कोंबड्या दिवे लागण्यापूर्वी खुराड्यात घ्या. कोल्हा खालून उकरतो, म्हणून खुराड्याची बारीक जाळी जमिनीत फूटभर गाडा किंवा बुडाशी दगड बसवा. शेळ्यांची लहान पिल्ले रात्री बंद खोलीत ठेवा. मेलेली कोंबडी, वार, मेलेले जनावर गावाशेजारी उघडे टाकू नका, खोल पुरा. कोल्ह्याला गावाची वाट आपणच अशी दाखवतो. उंदराचे विष वापरलेच, तर मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून पुरा, नाहीतर ते खाऊन घुबड, कोल्हा आणि घरचे मांजर मरते.

डुकरांसाठी सौर कुंपण चांगले. त्यात बॅटरीवरचे यंत्र क्षणभराचा झटका देते, थांबते आणि पुन्हा देते. जनावर दचकून मागे सरते, मरत नाही. घरच्या विजेचा २३० व्होल्टचा प्रवाह सतत वाहतो, स्नायू आखडतात आणि हात तारेलाच धरून राहतो. हाच फरक. सौर कुंपणाच्या अनुदानाची चौकशी वनपालाकडे करा. तारेखालचे गवत मात्र दर आठवड्याला कापावे लागते, नाहीतर झटका गवतातून जमिनीत जातो. हे काम लोक विसरतात आणि मग यंत्राला नावे ठेवतात.

रानडुकराने पीक खाल्ले, तर ३ दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज द्या. शेळी किंवा गाय मारली गेली, तर ४८ तासांच्या आत कळवा. या भरपाईच्या यादीत वाघ-बिबटाबरोबर कोल्हाही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवरून हलवू नका. सातबारा आणि बँक पासबुकाची प्रत तयार ठेवा, म्हणजे दुसरी खेप पडणार नाही.