चित्र आणि शब्द – लेखांक ६ : तरसाची दोन रूपे

अतिवास्तववादी चित्राशेजारी छोटी कथा ठेवली, की ती चित्राचा अर्थ सांगत बसण्याचा धोका असतो. कोडे सुटले की चित्राकडे पुन्हा पाहावेसे वाटत नाही. लिओनोरा कॅरिंग्टन (१९१७–२०११) यांनी हा धोका सहज टाळला. त्यांच्या बाबतीत चित्र आणि कथा एकाच हातची आहेत.

कॅरिंग्टन इंग्लंडमधील लँकाशरच्या धनाढ्य कापड गिरणीमालकाची मुलगी. १९३५ मध्ये रिवाजाप्रमाणे त्यांना राजदरबारात सादर करण्यात आले. उपवर मुलींना उच्चभ्रू समाजात आणण्याचा हा सोहळा त्यांना मुळीच रुचला नाही. पुढे १९३७-३८ च्या सुमारास त्यांनी आत्मचित्र रंगवले. त्यात घोडेस्वारीची पांढरी तुमान घातलेली, केस पिंजारलेली तरुणी खुर्चीच्या काठावर बसली आहे. तिचा हात समोरच्या तरसाकडे वळलेला आहे. तरस मादी आहे, तिचे स्तन दुधाने भरलेले आहेत. मागे शेपूट नसलेला खेळण्यातला घोडा अधांतरी आहे आणि खिडकीबाहेर खराखुरा पांढरा घोडा मोकळा दौडतो आहे.

याच सुमारास फ्रेंचमध्ये लिहिलेल्या ‘ला देब्युतांत’ (समाजात प्रथमच आणली जाणारी उपवर मुलगी) या कथेतही तरस मादी आहे. जेमतेम काही पानांच्या या कथेतली मुलगी प्राणिसंग्रहालयातल्या तरसाला फ्रेंच शिकवते आणि आपल्याऐवजी मेजवानीला पाठवते. माणसाचा चेहरा हवा म्हणून तरस मोलकरणीला मारून तिचा चेहरा लावते. ती खाली मेजवानीत असताना मुलगी खोलीत ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ वाचत बसते. शेवटी तरसाच्या वासाने बिंग फुटते. तरस तो चेहरा खाऊन टाकते आणि खिडकीतून उडी मारून पसार होते.

तरस आणि खिडकी दोन्हीकडे आहेत. पण चित्रात खिडकीबाहेर घोडा आहे, कथेत खिडकीतून तरस जाते. कथेत दूध नाही, चित्रात खून नाही. त्यामुळे एकीवरून दुसऱ्याचा उलगडा होत नाही. कथेचा सूरही थंड आहे: खुनाची गोष्ट घरकामाच्या तपशिलासारखी सांगितली जाते. हा सूर लांबलचक कथेत टिकला नसता; कुठेतरी कारणे द्यावी लागली असती.

गंमत म्हणजे १९३९ मध्ये ‘ला दाम ओव्हाल’ या संग्रहात ही कथा छापली गेली, तेव्हा पुस्तकात हे चित्र नव्हते. अतिवास्तववादी चित्रकार माक्स अर्न्स्ट यांची सात कोलाजे होती. म्हणजे ही जोडी पुढच्या वाचकांनी जुळवलेली आहे.

उलट चित्रकार हुआन मिरो यांच्या १९४०-४१ मधील ‘नक्षत्रे’ या २३ चित्रांपैकी २२ चित्रांवर अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रेताँ यांनी मुद्दाम छोटे गद्य लिहिले आणि ते १९५९ मध्ये चित्रांसह प्रसिद्ध झाले. ते सुंदर आहे, पण कथा नव्हे. त्यात काही घडत नाही.

आत्मचित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. वाचकांनी आधी चित्र पाहावे, मग कथा वाचावी. क्रम उलटला तर चित्रातल्या तरसाच्या तोंडी नकळत फ्रेंच घातले जाते.