दारातला आंबा वाळू लागला तर



उसाच्या फडात चार सऱ्या पिवळ्या पडल्या तर आपण त्याच दिवशी कारखान्याच्या शेतकी गटात निरोप धाडतो. पण दारातला आंबा शेंड्याकडून वाळायला लागला तर दोन-दोन वर्षे कुणी मान वर करून बघत नाही. ‘म्हातारं झालं झाड’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. त्याचं बिल निघत नाही, हे खरं. पण उन्हाळ्यात जनावरांची दावण त्याच्याच सावलीत असते, आल्या-गेल्याची खाट तिथंच पडते. ही सावली एकदा गेली की नवी मिळायला दहा-पंधरा वर्षे लागतात.

आंब्याला वयापेक्षा भिरूड जास्त घातक. राखी रंगाचा, लांब मिशांचा, दीड-दोन इंचांचा हा भुंगा सालीच्या खाचांत अंडी घालतो. त्याची पांढरी, बिनपायांची अळी खोडात शिरते आणि महिनोन्‌महिने आत लाकूड पोखरत राहते. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला की ओळखावे. फांदी वाळलेली दिसते तोवर आतले बोगदे बरेच लांबलेले असतात.

झाड जिवंत आहे का, हे आधी पाहावे. चाकूच्या टोकाने साल जराशी खरवडावी. आत हिरवे, ओलसर दिसले तर त्या भागात जीव आहे. तपकिरी, कोरडे दिसले तर खाली-खाली तपासत यावे.

जीव असेल तर भोकातला भुसा काढून तारेचा आकडा आत घालावा आणि अळी ओढून मारावी. मग रॉकेलात किंवा पेट्रोलात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून भोक चिखलाने लिंपावे. हे काम करताना जवळ विडी नको. वाळलेल्या फांद्या हिरव्या भागापर्यंत कापून जाळून टाकाव्यात, सरपण म्हणून दारात रचून ठेवू नयेत, कारण आतली अळी तिथून भुंगा होऊन बाहेर पडते. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी 1 किलो मोरचूद व 1 किलो कळीचा चुना प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे भिजवून एकत्र करावेत, पाणी एकूण 10 लिटर. लोखंडी भांडे वापरू नये.

काही जखमा आपणच करतो. बुंध्याला बैलाची साखळी आवळतो, खिळे ठोकतो, खोडाला भिडवून सिमेंटचा ओटा बांधतो. खोडवा राखताना पाचट पेटवतो आणि बांधावरच्या झाडाची साल भाजून निघते. पाचट सरीत कुजवले तर ऊस आणि झाड, दोघांचंही भलं.

मात्र बुंधा ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, मुळाशी भूछत्रं उगवली असतील आणि झाड घराकडे किंवा गोठ्याकडे कललं असेल, तर माया आवरावी. वळवाच्या वाऱ्यात असं झाड माणसावर पडतं. तोपर्यंत जनावरं तिथून हलवावीत. पण कुऱ्हाड घेण्याआधी परवानगी घ्यावी. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह ही झाडे 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. झाड आपलं, आपल्या दारातलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. विजेची तार जवळून जात असेल तर महावितरणला कळवून प्रवाह बंद करून घ्यावा. फांद्या वरून खाली, दोराला बांधून उतरवाव्यात. बुंध्याला हात शेवटी.

आमचं एक सांगणं आहे. जुन्या झाडाला उतरती कळा लागलेली दिसली, की त्याच पावसाळ्यात थोड्या अंतरावर नवं रोप लावावं. जुनं आणखी चार-पाच वर्षे तगलं तर तेवढ्यात नवं वाढीला लागतं, आणि दार एकदम उघडं पडत नाही. खोडव्याचा भरवसा सरला की आपण नवी लागण करतोच, तेच इथंही करायचं.