शिरायचे कुठे?

जून महिन्यात कॉलेज नुकतेच सुरू झाले होते. एका रात्री नागपूरहून ताईचा फोन आला. आवाज असा, की मला वाटले दाजींना काही झाले. पण प्रकार निराळाच होता.

"तू मास्तर आहेस. तुझं ऐकेल तो. पोरगं डीजे व्हायचं म्हणतंय रे!"

भाचेराव पुण्यात आमच्याच घरी राहून इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. ताईच्या दुःखात मी तत्काळ सहभागी झालो. डीजे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ती मिरवणुकीतल्या ट्रकवरची कर्ण्यांची भिंत, जी समोरून गेली की कपाटातल्या कपबश्या आपोआप वाजू लागतात. या भिंतीपायी माझ्या घराण्यातला एक अभियंता बुडणार, हे मला सहन होण्यासारखे नव्हते. मी चष्मा पुसला, उपदेशाचे चार मुद्दे मनाशी जुळवले आणि त्याच्या खोलीत शिरलो.

टेबलावर पोळपाटाएवढ्या दोन गोल चकत्या असलेले एक यंत्र होते. दोन्ही बाजूंना रंगीत बटनांच्या ओळी. भाचेरावांचा एक कान हेडफोनच्या आत आणि दुसरा मोकळा.

"मामा, उपदेश ऐकतो," तो म्हणाला, "पण आधी दहा मिनिटं तुम्ही हे ऐका."

दहा मिनिटांचे दीड तास झाले. उपदेशाचे चारही मुद्दे माझ्या खिशातच राहिले.

प्रकार असा आहे. एक गाणे चालू असताना दुसरे त्यात असे मिसळायचे, की नाचणाऱ्याचे पाऊल अडखळता कामा नये. त्यासाठी दोन्ही गाण्यांची लय एक करावी लागते. ते काम पट्टी वरखाली सरकवून होते. खरी मेख पुढे आहे : दुसऱ्या गाण्यात शिरायचे कुठे? गाण्याच्या आरंभी कधी नुसती शांतता असते, कधी सारंगी रेंगाळत असते. म्हणून डीजे आधी घरी बसून गाणे ऐकतो आणि हव्या त्या ठोक्यावर खूण करून ठेवतो. तिला म्हणतात 'क्यू पॉइंट'. मग ऐन वेळी बटन दाबले, की गाणे नेमके त्या ठोक्यापासून सुरू होते. भाचेरावांची पद्धत अशी : पहिल्या ठोक्याला हिरवी खूण, शब्द सुरू होतात तिथे पिवळी आणि बाहेर पडायच्या जागी तांबडी.

"आणि कुठल्याही ठोक्यावर शिरून चालत नाही," तो सांगू लागला. नाचाच्या गाण्यांची रचना बहुधा चार चार ठोक्यांच्या आठ घरांची, म्हणजे बत्तीस ठोक्यांची असते. मिनिटाला १२० ठोके धरले, तर हे आवर्तन सोळा सेकंदांचे. चालू गाण्याचे आवर्तन संपून नवे सुरू होते, नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्याची हिरवी खूण दाबायची. मग जुन्याचा खर्ज हळूहळू उतरवायचा आणि नव्याचा चढवायचा. दोन खर्ज एकदम वाजले, की नुसता गोंधळ!

"म्हणजे समेवर यायचं," मी म्हणालो.

"तेच तर सांगतोय!"

या विद्येचा जन्म न्यूयॉर्कचा. तिथल्या ब्राँक्स भागात सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने शाळा सुरू होण्याआधीची मेजवानी ठरवली. गाणी वाजवायला होता तिचा भाऊ, जमेकाहून आलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच डीजे कूल हर्क. पोरे खरी रंगतात ती शब्द थांबून नुसता ताल उरतो त्या तुकड्यावर, हे त्याने हेरले होते. पण तो तुकडा काही सेकंदांचाच. म्हणून हर्क एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आणी. एकीवरचा तुकडा संपला, की दुसरीवर तोच सुरू करी. मात्र सुई ठेवायची ती नजरेच्या अंदाजाने!

हा अंदाज घालवला जोसेफ सॅडलरने. बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या आणि ब्राँक्समध्ये वाढलेल्या या मुलाला विजेच्या उपकरणांचा नाद होता. पुढे तो ग्रँडमास्टर फ्लॅश म्हणून प्रसिद्ध झाला. त्याने तबकडीवर खडूने रेघ ओढली आणि घड्याळाच्या काट्यासारखी ती वाचू लागला. हिशेब साधा आहे. तबकडी मिनिटाला सव्वातेहतीस फेरे घेते, त्याहून किंचित जास्त, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. गाण्याची लय मिनिटाला १०० ठोके असेल, तर एका फेऱ्यात तीन ठोके. तेव्हा जितके ठोके मागे जायचे, तितक्या हिशेबाने रेघ उलटी फिरवली, की आपण पुन्हा मूळ जागी. २००७ साली त्याला आणि त्याच्या साथीदारांना अमेरिकेच्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये मान मिळाला. हिप-हॉपच्या मंडळींत तो त्यांनाच पहिला. पुढे तबकडी जाऊन सीडी आली, २००१ साली निघालेल्या पायोनियरच्या यंत्रावर खुणांची तीन बटने आली, आणि भाचेरावांच्या यंत्रावर आता एकेका बाजूला आठ आहेत. खडूच्या रेघेचे बटन झाले इतकेच.

"आपली जुनी गाणी फार छळतात," तो म्हणाला. कारण ती हाडामांसाच्या तबलजींनी वाजवलेली. अंतऱ्याला लय कणभर चढते, पुन्हा उतरते. एक खूण करून भागत नाही. दर चार ओळींना नवी करावी लागते. शिवाय केरव्याच्या आठ मात्रा त्या हिशेबात बसतात, दादऱ्याच्या सहा बसत नाहीत. तिथे वाद्ये क्षणभर थांबतात अशी जागा शोधून उडी मारायची.

माझ्या भाच्याला मात्रांशी झुंजताना पाहून मला काय वाटले ते ताईला कसे सांगावे, ते कळेना. मी तिला एवढेच कळवले, की पदवी पुरी करायचे त्याने कबूल केले आहे.

ऑगस्टमध्ये ताई-दाजींच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली. नागपूरला हॉल घेतला होता. गाण्यांचे काम भाचेरावांकडे; अर्थात जामीन मी. तासभर उत्तम चालले. आत्याबाईंनीसुद्धा फेर धरला. मग दाजींचे आवडते जुने गाणे यायचे होते. नेमका कोणी काका बोलायला आला. भाचेरावांनी हेडफोन न लावताच हिरवे बटन दाबले.

ठोक्याऐवजी हॉलभर एक अर्धा शब्द फुटला! नाचणारे थबकले. दाजी वळून पाहू लागले. मला घाम फुटला.

पोराने ती पट्टी खाली ओढली. आधीचे गाणे चालूच होते. त्याने हेडफोन कानाला लावला, बोटाने चकती मागेपुढे फिरवत ठोका शोधला, मान डोलावत आवर्तन मोजले आणि सोडले. गाणे समेवर असे आले, की दाजींनी दोन्ही हात वर केले.

रात्री मी विचारले, "चुकलं कुठं रे?"

"मूळ फाइल हरवली होती, मामा. त्याच नावाची दुसरी आणून ठेवली, जुन्या खुणा तशाच राहिल्या. हिच्या सुरुवातीला तीन सेकंद शांतता जास्त होती." मग जरा थांबून म्हणाला, "खूण बरोबर होती. गाणं दुसरं होतं. मी ऐकायला हवं होतं."

पुण्याला परतल्यावर तासाला जाण्यापूर्वी मी टिपणवही उघडली. अठरा वर्षे वापरतो आहे. समासात तांबड्या पेन्सिलीने जागोजाग खुणा आहेत. एके ठिकाणी स्वच्छ अक्षरात लिहिले आहे : 'येथे विनोद सांगणे.' गेली पाच-सहा वर्षे त्या विनोदाला कोणी हसत नाही. मी मनात मुलांनाच दोष देत होतो. खूण बरोबर होती. वर्ग दुसरा होता. त्या दिवशी वही मिटून ठेवली आणि आधी पाच मिनिटे मुलांना बोलू दिले. पहिल्याच दिवशी फार काही साधले असे नाही, पण मागच्या बाकावरच्या एका मुलीने प्रश्न विचारला.

परवा ताईचा पुन्हा फोन आला. दिवाळीला पोराला लवकर पाठव म्हणाली. मीच भीत भीत विषय काढला.

"त्याच्या त्या नादाचं काय करायचं?"

ती जरा वेळ गप्प राहिली.

"त्या दिवशी गाणं चुकलं ना," ती म्हणाली, "तेव्हा सगळे तुझ्या दाजींकडं बघत होते. मी पोराकडं बघत होते. घाबरला होता रे. पण पळाला नाही. परत कान लावून बसला." आणि मग, "ते यंत्र केवढ्याला येतं? त्याचं जुनं झालंय म्हणत होता."