चाकामागची जागा

ऑगस्ट २००९. लान्स आर्मस्ट्राँग तेव्हा जगातला सर्वांत प्रसिद्ध सायकलपटू होता. महिन्यापूर्वीच टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत तो तिसरा आला होता आणि आता आयर्लंडमधल्या शर्यतीसाठी निघाला होता. वाटेत त्याने ट्विटरवर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोकरांना विचारलं, उद्या तुमच्याकडे येतोय, सायकल चालवायला कोण येणार? ट्विटर तेव्हा नवंच होतं, एका संदेशात १४० अक्षरं मावायची. दुसऱ्या दिवशी ग्लासगोजवळच्या पेझली गावात शेकडो माणसं पावसात सायकली घेऊन हजर! डझनभर येतील, असा त्याचा अंदाज होता.

पुढच्या काही दिवसांत डब्लिनमध्ये तर कमाल झाली. संध्याकाळी साडेपाचला फिनिक्स पार्कमधल्या अमुक चौकात भेटू, एवढंच त्याने त्या दिवशी सकाळी कळवलं. तिकीट नाही, नावनोंदणी नाही, पाठीवर नंबर नाही. हजाराहून जास्त लोक आले.

फिनिक्स पार्क म्हणजे शहराच्या कुशीतलं ७०७ हेक्टरांचं हिरवं राज्य. सतराव्या शतकापासून तिथे हरणांचे कळप आहेत आणि मधून चेस्टरफील्ड अव्हेन्यू हा लांबलचक, जवळपास सरळ रस्ता जातो. एका टोकाला ६२ मीटर उंचीचा दगडी स्तंभ आहे, ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा. आजच्या जालना जिल्ह्यात असईला १८०३ साली मराठ्यांशी लढला तो आर्थर वेलस्ली हाच.

हजार सायकलींचा तो लोंढा मनासमोर आणला की मला एक प्रश्न पडतो. यात कचेरीतून थेट आलेली माणसं असणार, पोट सुटलेली असणार, शाळकरी पोरंही असणार. आणि पुढे कोण, तर पर्वत चढून गेलेला व्यावसायिक. याच्याबरोबर त्यांना राहता येतं तरी कसं? त्या संध्याकाळी तो अर्थातच पूर्ण ताकदीने चालवत नव्हता. पण भौतिकशास्त्रही लोकांच्या बाजूने उभं होतं, आणि त्याची गोष्ट मला फार सुंदर वाटते.

अव्वल व्यावसायिक सायकलपटू तासभर ४०० वॅटच्या आसपास ताकद लावू शकतो. नियमित चालवणारा तंदुरुस्त हौशी माणूस साधारण २००. म्हणजे सरळ दुप्पट फरक. मग सपाट रस्त्यावर वेगही दुप्पट हवा ना? तसं होत नाही. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढला की गाडीच्या वेगाबरोबर वारा हाताला किती जोरात मागे ढकलू लागतो, हे आपल्याला माहीत आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. ताशी तीस किलोमीटरच्या पुढे सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यातच जाते. त्यामुळे दुप्पट ताकदीच्या माणसाला सपाटीवर वेग मिळतो तो फक्त पाव पट जास्त! हौशी माणूस ताशी ३४ ने जात असेल, तर विजेता ४३-४४ ने. आयुष्यभराची मेहनत, जन्मजात फुप्फुसं, सगळं ओतून हाती येतात ते ताशी नऊ-दहा किलोमीटर.

आणि एवढा फरक भरून काढायला पुढच्या चाकामागची जागा पुरते. पुढचा माणूस हवा फाडतो, त्याच्या पाठीमागे कमी दाबाचा एक कप्पा तयार होतो आणि मागच्याला त्यात आसरा मिळतो. आपल्याकडचे सायकलस्वारही याला ड्राफ्टिंगच म्हणतात. चाकाला चाक लावून चालवणाऱ्याचा हवेचा विरोध साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी होतो. पुढच्यालाही किंचित फायदा होतो, कारण त्याच्या पाठीमागची हवेची ओढ घटते. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला खरीच वाटेना.

मोठ्या घोळक्यात काय होतं, हे बर्ट ब्लॉकन या संशोधकाच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या वातबोगद्यात त्यांनी १२१ सायकलस्वारांच्या छोट्या प्रतिकृती घोळक्यासारख्या उभ्या केल्या आणि जोडीला महासंगणकावर अवाढव्य आकडेमोड केली. घोळक्याच्या पोटात, मागच्या बाजूला असलेल्याला सोसावा लागणारा हवेचा विरोध एकट्या सायकलस्वाराच्या अवघा पाच ते दहा टक्के निघाला. म्हणजे घोळका ताशी ५४ च्या वेगाने धावतोय आणि आतल्या माणसाला हवा जाणवतेय ती १२ ते १५ च्या वेगाची. शर्यतीतले लोक आत "बसून" राहतात, विश्रांती घेतात, ते या जोरावर.

चढ लागला की मात्र हे सगळं मोडतं. वेग उतरतो, हवेचा विरोध नगण्य होतो आणि गुरुत्वाकर्षणाला आडोसा नसतो. तिथे दुप्पट ताकद म्हणजे खरोखरच जवळपास दुप्पट वेग. म्हणून टूरचे निकाल डोंगरात लागतात. फिनिक्स पार्क बहुतांशी सपाट आहे, हे त्या हजार जणांचं भाग्य.

आर्मस्ट्राँगचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. बंदी असलेली उत्तेजकं घेतल्याबद्दल २०१२ मध्ये त्याने आधी मिळवलेली टूरची सातही विजेतेपदं काढून घेण्यात आली. ऑगस्ट १९९८ पासूनचे सगळे निकाल रद्द झाले, त्यात २००९ चा तिसरा क्रमांकही गेला. जानेवारी २०१३ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याने कबुली दिली. फसवणूक मोठी होती, आणि जे त्याच्या शब्दावर भरवसा ठेवून पेझलीला भिजत आले, त्यांचीही ती फसवणूकच. तरी त्या दोन फेऱ्यांना निकालच नव्हता, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नव्हतं. शेजारच्या अनोळखी माणसाने अडवलेला वारा खराच होता.

क्रिकेटच्या मैदानात चाहत्याला जाता येत नाही. सायकलीचं मैदान म्हणजे सार्वजनिक रस्ता. त्यावर विजेत्याइतकाच दूधवाल्याचाही हक्क असतो, म्हणून एका ओळीच्या निरोपावर असं काही घडू शकतं. २०१० च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात ॲडलेडला पुन्हा हेच झालं, आणि तिथे माणसं हजारोंनी जमली.

यासाठी प्रसिद्ध माणूस लागतोच असं नाही. पुणे, नाशिक, मुंबईत रविवारी पहाटे सायकलस्वारांचे गट निघतात. एखाद्यात सामील व्हा. आधी थोडं अंतर राखा. आपलं पुढचं चाक कुणाच्या मागच्या चाकाच्या बाजूला अडकू देऊ नका, कारण चाकाला चाक घासलं तर पडतो तो मागचा. खड्डा दिसला की हाताने दाखवा आणि ओरडून सांगा. मग सपाट रस्त्यावर हळूहळू पुढच्याच्या पाठीमागे सरका. एका ठरावीक अंतरावर कानातला वारा एकदम कमी होतो आणि पायांवरचा भार उतरतो. थोडा वेळ तिथे राहा, आणि मग पुढे जाऊन मागच्यांसाठी तुम्ही वारा घ्या.