इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पोट भरलंय का?

वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेले, तरी इन्व्हर्टर असलेल्या घरातली गृहिणी निर्धास्त असते. पंखा फिरत असतो, मुलांचा अभ्यास चाललेला असतो, सासूबाईंच्या दम्याचं वाफेचं यंत्र सुरू असतं. आणि अर्ध्या तासातच तो इन्व्हर्टर पीं-पीं करून मान टाकतो! "बॅटरी एकाएकी गेली हो," असं आपण शेजारी सांगतो. पण मैत्रिणींनो, बॅटरी सहसा एकाएकी जात नाही. महिनोन् महिने ती अर्धपोटी राहिलेली असते आणि घरात कुणी तिची विचारपूस केलेली नसते.

घरातल्या डब्यात किती तांदूळ उरलाय हे आपल्याला न बघता सांगता येतं. मग दहा-पंधरा हजारांच्या या वस्तूत किती वीज उरली, हे पाहायला मेकॅनिकची वाट का बघायची?

आत असतं तरी काय?

बहुतेक घरांत असते ती शिशाची बॅटरी. १८५९ साली गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती प्रथम तयार केली. तिच्यात सहा कप्पे असतात. शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेलं गंधकाचं आम्ल. वीज वापरली जाते तसं आम्ल पट्ट्यांवर जाऊन बसतं आणि खालचं पाणी पातळ होत जातं. चार्ज करताना ते परत पाण्यात उतरतं.

खरी मेख इथेच आहे. पट्ट्यांवर बसलेला थर लवकर उतरवला तर निघतो. कढईला लागलेलं लगेच घासलं तर निघतं, दोन दिवस ठेवलं तर तारेच्या घासणीलाही दाद देत नाही, अगदी तसंच. बॅटरी रिकामी ठेवली, की तो थर कडक होतो आणि तेवढी जागा कायमची वाया जाते.

पोट मोजायचं कसं?

सर्वांत आधी एक गैरसमज काढून टाकू. बॅटरीच्या झाकणांवर लाल-हिरव्या खुणेच्या तरंगत्या दांड्या असतात. 'हिरवं दिसतंय, म्हणजे बॅटरी भरली' असं पुष्कळ जणी समजतात. ती दांडी फक्त पाण्याची पातळी सांगते, चार्ज नव्हे! इन्व्हर्टरवरचे दिवेही अंदाजच देतात.

खरी माहिती देतं ते हायड्रोमीटर. दुधात पाणी किती हे सांगणारा लॅक्टोमीटर तुम्ही पाहिला असेल. हे त्याचंच भावंड. रबरी फुगा दाबून कप्प्यातलं पाणी काचेच्या नळीत ओढायचं आणि आतला तरंग कुठल्या आकड्यावर उभा राहतो ते वाचायचं. ट्यूब्युलर बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर आकडा साधारण १.२४० येतो (काही नळ्यांवर तो १२४० असा छापतात). १.१८०च्या आसपास आला तर निम्मी, १.१२०च्या खाली गेला तर डबा रिकामाच समजा. सहाही कप्पे तपासा. पाच कप्पे ठीक आणि एकच ०.०५० किंवा जास्त मागे असेल, तर तो कप्पा आजारी आहे. तेव्हा मात्र मेकॅनिकला बोलवा.

बॅटरी सीलबंद असेल तर मल्टिमीटर वापरा. रात्रभर चार्ज झाल्यावर सकाळी इन्व्हर्टरचा पुढचा स्विच आणि भिंतीवरचा प्लग, दोन्ही बंद करा. तेवढा वेळ त्यावरचे पंखे-दिवे चालणार नाहीत, म्हणून स्वयंपाक आटोपल्यावरची वेळ बरी. तीन-चार तासांनी मोजा: १२.६ व्होल्ट किंवा थोडं वर म्हणजे पोट भरलेलं, १२.२ म्हणजे निम्मं, ११.९ म्हणजे उपाशी. चार्जिंग चालू असताना मोजाल तर साडेतेरा-चौदा दिसेल. त्यावर हुरळून जाऊ नका, तो चार्जरचा आकडा असतो.

जमाखर्च

१५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२ ने गुणून १८०० वॉट-तास. इन्व्हर्टर मध्येच थोडं खातो, म्हणून १४०० धरा. दोन साधे पंखे १५० वॉट, चार एलईडी दिवे आणि राउटर मिळून ५० वॉट, म्हणजे २००. कागदावर सात तास निघाले. पण रोज अर्ध्याहून जास्त उपसू नये, म्हणून साडेतीन तासच आपले. बाकीची अडीअडचणीसाठी, घरात आजारी माणूस असेल तर त्याच्यासाठी! पुन्हा पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात, हेही ध्यानात असू द्या. लाइट दिवसातून तीनदा जात असतील, तर रात्री नको ते पंखे बंद ठेवून तिला भरू द्या.

सांभाळायचं कसं?

पाणी घालायचं ते डिस्टिल्डच. नळाचं नको, फिल्टरचंही नको आणि आम्ल तर मुळीच नको. पट्ट्या उघड्या पडल्या नसतील तर चार्ज झाल्यावरच घाला, आणि घातल्याबरोबर हायड्रोमीटर लावू नका, आकडा खोटा येईल.

झाकण उघडण्याआधी सोन्याच्या बांगड्या, अंगठी आणि मंगळसूत्र काढून ठेवा. दोन टोकांना धातू एकदम टेकला तर क्षणात चटका बसतो. चष्मा आणि रबरी हातमोजे घाला. अंगावर थेंब उडाला तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेला तर बराच वेळ धुऊन तडक डॉक्टरांकडे जा. जमिनीवर सांडलं तर खाण्याचा सोडा टाका. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. तेव्हा तिच्याजवळ समई, उदबत्ती, गॅस काही नको, आणि तिला बंद कपाटात कोंडूही नका.

सुटीत महिनाभर माहेरी जाताना आपण मेन स्विच बंद करतो. इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेले, आणि तो बॅटरी पार उपसून ठेवतो! आधी तिला पूर्ण भरा, इन्व्हर्टरचा पुढचा स्विच बंद करा आणि मगच मेन स्विचला हात लावा.

दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे मांडतो ना, तिथेच दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बॅटरीचा आकडाही मांडा. पूर्ण चार्ज करूनही तो महिन्यागणिक घसरू लागला, तर नव्या बॅटरीसाठी पैसे बाजूला टाकायला तुम्हांला सवड मिळेल. ऐन परीक्षेच्या रात्री मेणबत्ती शोधायची वेळ येणार नाही.