गेरू, काजळ आणि दूरदेशीचा निळा

दिवाळी जवळ आली की मराठवाड्यातल्या मातीच्या घरांत भिंतींची डागडुजी निघायची. मातीत भुसा कालवून गिलावा, त्यावर चुन्याचा हात आणि खालच्या अंगाला गेरूचा पट्टा. आजीचं हे काम मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचो. पुढे छत्रपती संभाजीनगरहून शंभरेक किलोमीटरवरच्या अजिंठ्याला गेलो. एका चित्राचा पोपडा निघाला होता आणि आतली माती उघडी पडली होती. त्या मातीत भाताची तुसं दिसत होती. भिंत ओळखीची वाटली!

अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास 'फ्रेस्को' म्हणतात, ते चूक आहे. फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावतात. इथे टाकीने खडबडीत केलेल्या कातळावर माती, वाळू, तुसं आणि गवताचे धागे यांचे थर चढवले, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि तो सुकल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग भरले. आधी गेरूची रेघ, मग रंग, शेवटी पुन्हा गडद रेघ. अंगणात रांगोळी काढणारा हातही आधी रेघ ओढतो आणि मग रंग भरतो.

रंगही घरचेच. लाल म्हणजे गेरू, पिवळी म्हणजे पिवळी माती, पांढरा चुना-खडूचा, काळं म्हणजे दिव्याचं काजळ. हिरवा तर इथल्या काळ्या खडकातूनच निघतो. बेसॉल्टच्या पोकळ्यांत हिरवी माती सापडते.

निळा मात्र इथला नव्हे. तो लाजवर्द या दगडाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेला. नवव्या-दहाव्या लेण्यांतल्या इसवी सनापूर्वीच्या चित्रांत तो नाही. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, तो अवतरतो. सोळावं लेणं कोरवून घेतलं ते याच हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने. पहिल्या लेण्याच्या छतावर टोप्या आणि मोजे घातलेले परदेशी पाहुणे पेला हातात घेऊन बसले आहेत. व्यापाराच्या ज्या वाटांनी हा दगड दख्खनेत उतरला, त्याच वाटांनी अशी माणसंही आली असणार, असं मला वाटतं.

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या निमित्ताने ही लेणी दिसली. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं राबून नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या नकलांपैकी कितीतरी १८८५च्या आगीत सापडल्या, त्याही लंडनलाच. भिंतीवरची मूळ चित्रं मात्र इथेच राहिली. त्यांना इजा झाली ती पाणी, किडे, वटवाघळं आणि माणसांच्या हातून. निजामाच्या काळात इटालियन तज्ज्ञांनी चित्रं टिकवण्यासाठी लाखेचा रोगण दिला. पुढे तो पिवळा पडला आणि त्याखालचे रंग झाकोळले. हेतू चांगला होता, परिणाम वाईट झाला.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. फ्लॅश वापरू नका, भिंतीला हात लावू नका. पहिल्या लेण्यात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा आणि मग वर छताकडे बघा. तो निळा तिथे आहे.