शिकलेली गाणी

१९५०च्या दशकात अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटाजवळ अमेरिकी नौदलाने पाण्याखाली मायक्रोफोन सोडले होते. त्यांचा हेतू लष्करी होता. पण तिथे काम करणाऱ्या फ्रँक वॉटलिंग्टन या अभियंत्याच्या कानावर भलतंच काही पडू लागलं. लांबलचक हुंकार, कण्हल्यासारखा आवाज, मध्येच वर चढत जाणारी बारीक किंकाळी आणि मग पुन्हा खोल खर्ज. हे आवाज हंपबॅक जातीच्या देवमाशांचे होते. पुढे वॉटलिंग्टनने आपल्या टेप रॉजर पेन आणि केटी पेन या दांपत्याच्या हाती सोपवल्या.

रॉजर पेन आणि त्यांचे सहकारी स्कॉट मॅकव्हे यांनी त्या ध्वनींचे आलेख कागदावर उतरवले. मग जे दिसलं ते थक्क करणारं होतं. कानाला स्वैर वाटणारे ते आवाज ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येत होते. सुटे स्वर जुळून एक ओळ होत होती, तीच ओळ अनेकदा घोळवली जात होती, मग दुसरी, मग तिसरी, आणि सगळ्या संपल्या की पुन्हा पहिलीपासून सुरुवात. एक आवर्तन बरेचदा दहा ते वीस मिनिटं चाले आणि तोच देवमासा तासन् तास ते आळवत राही. १९७१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दोघांनी हे मांडलं आणि त्याला गाणं म्हटलं. हा शब्द त्यांनी अलंकार म्हणून वापरला नव्हता. पक्ष्यांच्या आवाजांना शास्त्रज्ञ ज्या निकषांवर गाणं म्हणतात, तेच निकष त्यांनी इथे लावले होते.

देवमासा पाण्याखाली गातो तेव्हा त्याच्या तोंडातून किंवा नाकपुड्यांतून बुडबुडे येत नाहीत. श्वास न सोडता इतका मोठा आवाज निघतो कसा, हे कोडं फार काळ सुटलं नव्हतं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने त्याचं उत्तर दिलं. किनाऱ्यावर वाहून आलेल्या देवमाशांची स्वरयंत्रं प्रयोगशाळेत नेऊन शास्त्रज्ञांनी त्यांतून हवा सोडली. या स्वरयंत्रात इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा एक ताठ भाग असतो. तो चरबीच्या जाड गादीवर दाबला जातो आणि मधून हवा गेली की ती गादी थरथरते. वापरलेली हवा बाहेर जात नाही, आतल्या आत फिरवून पुन्हा वापरता येते. हा प्राणी जमिनीवरच्या पूर्वजांपासून उत्क्रांत होत पाण्यात गेला, आणि जाताना त्याने आवाज काढायची एक पूर्णपणे नवी रीत घडवली.

समुद्रात आवाजाला इतकं महत्त्व का, हे पाण्याचा स्वभाव पाहिला की कळतं. सूर्यप्रकाश साधारण दोनशे मीटर खोलीपर्यंत क्षीण होत जातो आणि हजार मीटरच्या खाली तो पोचतच नाही. आवाजाची गत उलटी आहे. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात सुमारे १,५०० मीटर. शिवाय समुद्रात एक विलक्षण थर असतो. वरच्या कोमट पाण्यात आवाजाचा वेग जास्त असतो, खाली पाणी गार होत जातं तसा तो कमी होतो आणि त्याहून खोल गेलं की पाण्याच्या दाबामुळे पुन्हा वाढतो. या दोन्हींच्या मध्ये, उष्ण कटिबंधात साधारण एक किलोमीटर खोलीवर, वेग सर्वांत कमी असलेला पट्टा असतो. या पट्ट्यात शिरलेला खर्जातला आवाज वर किंवा खाली निसटू लागला की वळून परत आत येतो आणि म्हणून हजारो किलोमीटर जाऊ शकतो.

निळा देवमासा आणि फिन देवमासा यांचा आवाज नेमका असा खर्जातला असतो. त्यातला काही भाग २० हर्ट्झच्याही खाली, म्हणजे माणसाच्या कानांना ऐकूच येत नाही इतका खोल. १९७१ सालीच रॉजर पेन आणि डग्लस वेब यांनी गणित मांडून दाखवलं की जहाजांच्या इंजिनांचा गोंगाट नव्हता त्या काळात या देवमाशांची हाक अख्खा महासागर ओलांडून जाऊ शकत असेल. आपल्याला एकटा पोहताना दिसणारा देवमासा शेकडो किलोमीटरवरच्या दुसऱ्याच्या कानाच्या टप्प्यात असू शकतो.

पण अंतरापेक्षाही मोठं नवल केटी पेन यांच्या हाती लागलं. वेगवेगळ्या वर्षांच्या टेप शेजारी ठेवून ऐकताना त्यांच्या लक्षात आलं की हंपबॅकचं गाणं बदलत जातं. गातात ते नर, आणि एका भागातले सगळे नर एका वेळी जवळपास एकच गाणं गातात. त्यात एखादी ओळ लांबते, एखादी गळते, नवी येते, आणि हे बदल सगळेच उचलतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर १९९० च्या दशकात तर याहून नाट्यमय घडलं. पश्चिम किनाऱ्याचं गाणं गाणारे दोन नर १९९६ साली तिथे आढळले, आणि १९९८ पर्यंत पूर्वेकडच्या नरांनी आपलं जुनं गाणं टाकून ते नवं उचललं होतं. पुढे एलन गारलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा वर्षांची ध्वनिमुद्रणं तपासली. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरची गाणी एका कळपाकडून दुसऱ्याकडे जात, दक्षिण पॅसिफिक महासागरातून थेट फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत पोचत होती.

याचा अर्थ असा की हे गाणं रक्तातून येत नाही. ते ऐकून, मनात धरून शिकावं लागतं. देवमाशांच्या बोलण्यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच आहे. २०२५ साली न्यू कॅलेडोनियाजवळच्या आठ वर्षांच्या गाण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसाच्या प्रत्येक भाषेत थोडे शब्द सतत वापरात असतात आणि बाकीचे क्वचित, आणि त्यांचं एक ठरावीक प्रमाण असतं. तेच प्रमाण या गाण्यांतही सापडलं. देवमाशाचे स्वर आपल्या शब्दांसारखे अर्थ सांगतात, असं यावरून म्हणता येत नाही. पण एका पिढीकडून दुसरीकडे शिकण्यातून जे पोचतं त्याला अशी घडण येते, हे दोन अगदी दूरच्या जीवांत सारखंच दिसलं.

शिकण्याची दुसरी परंपरा स्पर्म व्हेलची. कोकणात ‘व्हेलची उलटी’ पकडल्याच्या बातम्या येतात ना, तो पदार्थ याच देवमाशाचा. हा गात नाही, टकटक करतो. खोल अंधारात भक्ष्य शोधताना त्याच्या प्रचंड डोक्यातून निघणारी एकेक टकटक प्राणिजगतातल्या सर्वांत मोठ्या आवाजांत मोडते. पण माद्या आणि पिल्लं पृष्ठभागाजवळ एकत्र येतात, तेव्हा याच टकटकींचे छोटे ठेके वाजतात. त्यांना ‘कोडा’ म्हणतात. कॅरेबियन समुद्रातला एक ठेका असा: एक, एक, आणि मग लगोलग तीन. संगीतातल्या घराण्यांसारखी इथे कुळं आहेत आणि प्रत्येकाचा ठेका वेगळा. गालापागोस बेटांभोवती दोन कुळं एकाच पाण्यात राहताना आढळली, पण एका कुळातली कुटुंबं दुसऱ्यातल्या कुटुंबांत मिसळत नव्हती. २०२४ साली प्रत्युषा शर्मा आणि सहकाऱ्यांनी डॉमिनिका बेटाजवळच्या हजारो कोडांचा संगणकाने अभ्यास केला. त्यांना १८ ताल आणि ५ लयी सापडल्या. शिवाय समोरच्याचा ठेका ऐकून आपला ठेका किंचित लांबवणं वा आवरणं, आणि मधूनच एक जास्तीची टकटक घालणंही आढळलं. एवढ्या सामग्रीतून पुष्कळ काही सांगता येतं. ते काय सांगतात, याची उकल आता सुरू झाली आहे.

या संवादाला आपण केवढा अडथळा आणतो, हे एका शोकांत प्रसंगाने दाखवलं. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात जहाजांची वर्दळ एकाएकी कमी झाली. पाण्याखालचा गोंगाट सुमारे सहा डेसिबलने उतरला. त्याच दिवसांत तिथल्या राइट व्हेल देवमाशांच्या विष्ठेचे नमुने गोळा केले जात होते, आणि त्यांतलं ताण दाखवणाऱ्या संप्रेरकाचं प्रमाण घटलेलं आढळलं. जहाजांचा आवाज त्यांना सोसावा लागतो, याचा तो शरीराने दिलेला पुरावा होता.

आता आपल्या समुद्राकडे येऊ. जगभरचे हंपबॅक दरवर्षी ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे आणि परत असा प्रवास करतात. अरबी समुद्रातले मात्र इथेच राहतात, इथेच खातात, इथेच पिल्लं देतात. जनुकांचा अभ्यास सांगतो की ते सुमारे ७० हजार वर्षं बाकीच्यांपासून वेगळे आहेत. १९६० च्या दशकात सोव्हिएत शिकारी जहाजांनी यांतले दोनशेहून अधिक देवमासे बेकायदा मारले. ओमानच्या किनाऱ्यावर त्यांची संख्या शंभरच्याही आत असल्याचा अंदाज आहे. लुबान नावाच्या मादीला ओमानजवळ उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लावलं होतं. ती २०१७-१८ च्या हिवाळ्यात अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली आणि परत गेली. गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिमुद्रकांवर तर हंपबॅकचं गाणंच नोंदलं गेलं. म्हणजे आपण ज्या पाण्यात पाय बुडवतो, तिथे ते गायलं जातं.

जे शिकून टिकतं, ते शिकवणारे उरले नाहीत की संपतं. म्हणून शंभराच्या आतली संख्या मला नुसती जिवांची गणती वाटत नाही, तो एका परंपरेचा शेवटचा आधार आहे. या देवमाशांना आज सर्वांत मोठा धोका मासेमारीच्या जाळ्यांचा आणि जहाजांचा. भारतीय कायद्याने देवमाशांना सर्वोच्च संरक्षण आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून, जाळ्यात अडकलेल्या संरक्षित जलचराला सोडण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. आपलं महागडं जाळं कापून जीव सोडणाऱ्या अशा मच्छीमाराची बातमी दिसली, तर ती चार जणांना सांगा. किनाऱ्यावर देवमासा आलेला दिसला, तर फोटोसाठी त्याच्याभोवती गर्दी न करता वनविभागाला कळवा. आणि हंपबॅकच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण इंटरनेटवर सहज मिळतं. ते एकदा पूर्ण ऐका, घरातल्या मुलांनाही ऐकवा.